कुलूप, किल्ली आणि दप्तर : माहितीच्या सुरक्षिततेचा पहिला पाठ

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात नऊ वर्षांच्या एका मुलाचे नाव नोंदवले गेले : भिवा रामजी आंबेडकर. नोंदणी क्रमांक १९१४. हीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल या नावाने प्रसिद्ध झाली आणि तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या रजिस्टरातील एका ओळीचे मोल किती असते, हे आमच्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा आजोबांच्या शाळेचे जुने रजिस्टर, गावचे कोतवाल बुक, मोडीतील जन्ममृत्यूची नोंद यांच्यासाठी माणसे तालुक्याच्या फेऱ्या मारतात. एक पान फाटलेले निघाले, तर नातवाची फी माफ होत नाही. ज्याचा कागद सुरक्षित, त्याचा हक्क सुरक्षित.

हे सारे ठाऊक असूनही आमच्या हातून एक चूक घडली. या लेखाचा आरंभ तिच्यापासूनच करणे प्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वी मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक मुलाचे स्वतंत्र खाते, स्वतंत्र पासवर्ड. शेकडो मुलांचे पासवर्ड लक्षात कोण ठेवणार, म्हणून सर्वांना एकच पासवर्ड द्यावा, अशी सूचना आम्हीच केली. शाळेचे नाव आणि त्यापुढे १२३. तो कागद कार्यालयात वेळापत्रकाखाली चिकटवलेला असे. एका वर्षी दोन मुलींच्या खात्यांतील मोबाइल क्रमांक कोणीतरी बदलला. खाते पुन्हा हाती येईपर्यंत अर्जाची मुदत सरली. त्यांपैकी एकीच्या आईने, ती ऊसतोडणीला जाणारी, बचत गटाकडून कर्ज काढून मुलीची अकरावीची फी भरली. क्रमांक कोणी बदलला हे शेवटपर्यंत कळले नाही. कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो कागद दिसत होता, हे मात्र आम्हांला पक्के ठाऊक होते.

त्याच दिवाळीत सांगलीला संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. भिंतीवरचा कागद पाहून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, वसतिगृहात असताना तुम्ही आम्हांला सांगायचा, पेटीची किल्ली कुणाकडे देऊ नका. इथं तर सगळ्या पेट्यांची एकच किल्ली दारावर टांगली आहे." आम्ही निरुत्तर झालो. पुढच्या उन्हाळी सुट्टीत त्याने आपल्या वह्या आणून दिल्या, आठवड्यातून दोन संध्याकाळी समोर बसवून शिकवले आणि पन्नाशी ओलांडलेल्या इतिहासाच्या या शिक्षकाने क्रिप्टोग्राफी म्हणजे गुप्तलेखनशास्त्राची मुळाक्षरे गिरवली. जे समजले ते आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी येथे मांडीत आहोत.

चार प्रश्न

विद्यापीठात हा विषय शिकवताना आरंभी चार प्रश्न पुढे ठेवले जातात. पहिला, माहिती नको त्याच्या दृष्टीस पडत नाही ना? ही गोपनीयता. दुसरा, वाटेत तिच्यात कोणी फेरफार केला नाही ना? ही अखंडता. तिसरा, ज्याच्या नावाने ती आली, त्यानेच ती पाठवली आहे ना? ही ओळखीची खात्री. चौथा, ज्याला तिचा अधिकार आहे त्याला ती वेळेवर मिळते ना? ही उपलब्धता. सर्वसाधारण समज असा की सुरक्षितता म्हणजे केवळ लपवणे. वस्तुतः लपवणे हा चारांपैकी एकच भाग आहे. आमच्या त्या दोन मुलींचे नुकसान गुपित फुटल्याने झाले, त्याहून अधिक ते फेरफाराने आणि वेळेवर खाते न उघडल्याने झाले.

सातारचे राज्य आणि शिक्क्यांचा वाद

हे प्रश्न संगणकाबरोबर जन्मले नाहीत. सातारच्या इतिहासात त्यांनी एक राज्य पणाला लावले आहे. १८१९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना सातारच्या गादीवर बसवले. पुढे त्यांच्यावर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि कंपनीच्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितवल्याचा आरोप ठेवण्यात आला. पुराव्यात पत्रे होती आणि पत्रांवर शिक्के होते. ते कागद बनावट आहेत, हे महाराजांच्या बाजूने सातत्याने मांडले गेले आणि खुली चौकशी करा, ही त्यांची मागणी राहिली. गव्हर्नर जेम्स कार्नाक याने त्यांच्यापुढे दोष मान्य करणारा मसुदा ठेवला. सही करा, गादी राहील, असा त्याचा आशय. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी हे गाऱ्हाणे घेऊन लंडनमध्ये अनेक वर्षे काढली, परंतु निकाल फिरला नाही. १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हा प्रसंग आम्ही वर्गात अनेकदा शिकवला होता. माहिती सुरक्षेचा अभ्यास केल्यावर त्यातील एक गोष्ट नव्याने जाणवली. शिक्का खरा की खोटा हे पक्षपात न करता, कोणालाही स्वतः तपासून पाहता येईल अशी रीत त्या काळी उपलब्ध नव्हती. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याच हाती कागदाचा खरेखोटेपणा. आधुनिक शास्त्राने जे साधले आहे, त्याचे मर्म येथे आहे : खातरजमा करण्याचा अधिकार एका हातातून काढून प्रत्येकाच्या हाती देणे.

निशाणी नांगरापासून डिजिटल स्वाक्षरीपर्यंत

जुन्या मराठी कागदपत्रांत या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे प्रयत्न दिसतात. शिवकाळापासून पत्राच्या आरंभी मुद्रा असे आणि मजकूर संपताच मर्यादामुद्रा उमटवली जाई. तिचा हेतू उघड होता. येथे पत्र संपले, यापुढे कोणी ओळ घातली तर ती आमची नव्हे. ज्याला लिहिता येत नसे, तो आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढी. शेतकऱ्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असे लिहिलेले आढळते. बलुतेदारांच्या निशाण्या त्यांच्या त्यांच्या हत्याराच्या असत.

या पद्धतीत दोन उणिवा होत्या. नांगराचे चित्र कोणालाही काढता येते. आणि निशाणी करणाऱ्याला वर काय लिहिले आहे ते वाचता येत नसे. मोडी ही काही गुप्तलिपी नव्हे, जो शिकेल त्याला ती वाचता येते. परंतु ज्यांना शिकूच दिले नाही, त्यांच्यापुरती ती कुलूपच ठरली आणि त्या कुलपाची किल्ली गावात एका घरी राहिली. आमच्या पूर्वजांच्या कित्येक जमिनी कशा गेल्या, याचा विचार करताना हे विसरता येत नाही.

आजची डिजिटल स्वाक्षरी या उणिवा कशा भरून काढते ते पाहू. प्रथम मजकुरावर एक गणिती प्रक्रिया करून त्याचा छोटा ठसा काढतात. त्याला हॅश म्हणतात. प्रचलित पद्धतींपैकी एका पद्धतीत, मजकूर एक ओळ असो वा हजार पानांचा ग्रंथ, ठसा नेहमी ६४ चिन्हांचाच निघतो. मजकुरातील एक वेलांटी बदलली तरी सगळा ठसा पालटतो आणि ठशावरून मूळ मजकूर उलट शोधता येत नाही. मग सही करणारा आपल्या खासगी किल्लीने त्या ठशावर स्वाक्षरी करतो. त्याच्या जाहीर किल्लीने ती कोणालाही तपासता येते. यामुळे ही सही नांगराच्या चित्रासारखी एका कागदावरून दुसऱ्यावर उचलून नेता येत नाही, कारण ती त्या विशिष्ट मजकुराशीच जखडलेली असते. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. आपण आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढतो, त्यामागे हेच गणित आहे. दुसरी उणीव, म्हणजे वर काय लिहिले आहे ते वाचता येणे, ही मात्र कोणतेही यंत्र भरून काढीत नाही. ती शाळेनेच भरून काढायची असते.

वर्णमालेचे कुलूप

आता गोपनीयतेकडे वळू. लहानपणी 'च'च्या भाषेत कोण बोलले नाही? करपल्लवी, नेत्रपल्लवी, अंकपल्लवी हे शब्दही मराठीत जुने आहेत. बोटांच्या, डोळ्यांच्या वा आकड्यांच्या खुणांनी अक्षरे सुचवण्याच्या या रीती. रोमन सेनापती ज्यूलियस सीझर प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेत तीन घरे पुढचे अक्षर लिहीत असे. आपण एकच घर पुढे जाऊ आणि स्वरचिन्हे तशीच ठेवू. मग स चा ह, त चा थ, र चा ल होतो, आणि 'सातारा' हा शब्द 'हाथाला' होतो. 'सांगली'चे 'हांघवी' होते. मराठीतील ३४ व्यंजने धरली, तर असे सरकवण्याचे केवळ ३३ प्रकार संभवतात. चिकाटीचा मुलगा एका तासात ते सर्व पडताळून पाहील.

मग सरकवण्याऐवजी प्रत्येक अक्षरासाठी मनमानी खूण ठरवली तर? आता शक्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी होते. एवढ्या किल्ल्या एकेक करून कोणीही तपासू शकणार नाही. तरीही हे कुलूप उघडते. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने त्याची युक्ती लिहून ठेवली. कोणत्याही भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. खूण बदलली तरी तिचे वारंवार येणे बदलत नाही. मराठीत 'आहे'सारखा शब्द पुन्हा पुन्हा येतो, तेवढ्या धाग्यावरून सगळा पट उलगडू लागतो.

याचे मोठे उदाहरण आपल्याच वाङ्मयात आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. चक्रधरस्वामींनी स्त्री-शूद्रांसह सर्वांसाठी मराठीत उपदेश केला. त्यांच्या आठवणींचा 'लीळाचरित्र' हा तेराव्या शतकातील ग्रंथ मराठी गद्याचा आरंभ मानला जातो. परंतु पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे वाङ्मय शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या संशोधकांच्या खटपटीने ते कुलूप उघडले, तेव्हा मराठी भाषेला आपले बालपण सापडले. या उदाहरणात दोन्ही बाजू दिसतात. लिपीने ग्रंथांचे रक्षण केले हे खरे, आणि लिपीमुळेच ते सर्वसामान्य वाचकाला पारखे झाले, हेही खरे. गोपनीयता वाढवताना उपलब्धता किती गमावतो, याचा हिशेब ठेवावाच लागतो.

पद्धत उघडी, किल्ली गुप्त

१८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना एक तत्त्व मांडले. कुलपाची रचना शत्रूला पूर्ण माहीत झाली तरी चालावे, केवळ किल्ली गुप्त राहिली की पुरे. आज बँका ज्या पद्धतींनी आपले व्यवहार जपतात, त्यांची संपूर्ण रचना छापील स्वरूपात जगासमोर आहे. अमेरिकेने २००१ मध्ये स्वीकारलेली एईएस ही पद्धत अनेक वर्षे खुल्या स्पर्धेत जगभरच्या गणितज्ञांनी फोडून पाहिली, ती टिकली, म्हणून निवडली गेली. लपवलेली पद्धत कोणी तपासत नाही, म्हणून तिच्यातील खोट झाकलेली राहते.

हे वाचताना आम्हांला महापरिनिब्बान सुत्ताची आठवण झाली. आपण शिकवताना आचार्याची मूठ झाकून ठेवली नाही, असे बुद्धांनी आनंदाला सांगितल्याचे त्यात येते. ज्या व्यवस्थेने ज्ञानाचीच मूठ झाकली, तिचे परिणाम आपण भोगले आहेत. व्यक्तीची खासगी गोष्ट झाकलेली असावी आणि विद्या उघडी असावी. त्या व्यवस्थेने नेमके उलट केले होते. माणसाची जात चारचौघांत उघडी आणि विद्या मात्र कुलपात.

दोन किल्ल्यांची युक्ती

एक अडचण उरते. कुलूपबंद पेटी पाठवली, पण तिची किल्ली कशी पाठवावी? १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी यावर जाहीर किल्लीची कल्पना मांडली. टपालपेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात पत्र टाकता कोणालाही येते, पेटी उघडता मात्र किल्ली असणाऱ्यालाच येते. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही टपालपेटी आकड्यांतून घडवली. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात.

दहावीच्या मुलाला वहीत करता येईल असे उदाहरण घेऊ. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या. त्यांचा गुणाकार ३३. प्रत्येकीतून एक वजा करून गुणाकार केला : २ × १० = २०. आता जाहीर किल्ली म्हणून ३ घेऊ. खासगी किल्ली अशी हवी की तिला ३ ने गुणून २० ने भागल्यास बाकी १ उरेल. ती ७, कारण ३ × ७ = २१. आपल्याला ४ हा आकडा गुप्तपणे पाठवायचा आहे. ४ चा घन ६४, त्याला ३३ ने भागून बाकी ३१. हे ३१ पाठवले. वाटेत कोणी पाहिले तरी त्याला ३१ च दिसेल. ज्याच्याजवळ ७ ही किल्ली आहे, तो ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागतो आणि बाकी पुन्हा ४ येते. करून पाहा.

३३ चे अवयव पाडणे सोपे आहे. प्रत्यक्षात ही संख्या सहाशेहून अधिक अंकांची असते. दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो, परंतु गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे आजच्या संगणकांना व्यवहारात जमत नाही. सारी सुरक्षितता या एका विषमतेवर उभी आहे.

यात ७ ही किल्ली शोधण्याची जी रीत आहे, ती आपल्याकडे कुट्टक या नावाने परिचित होती. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ती मांडली, ११५० मधील भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तिचे विवेचन आहे. मात्र यावरून सगळे शास्त्र आपल्या पोथ्यांत आधीच होते, असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून नाही. कुट्टक ही एक उत्तम पायरी होती. जिना बांधायला शेकडो वर्षे आणि अनेक देशांची माणसे लागली. ती पायरी आपल्याकडे सर्वांच्या मुलांना शिकवली गेली असती, तर कदाचित आणखी काही पायऱ्या येथेच बांधल्या गेल्या असत्या. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल व नितीन सक्सेना या तरुण विद्यार्थ्यांसह, एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची नवी रीत दिली. संधी मिळाली की काय घडते, याचे ते अलीकडचे उदाहरण.

कुलूप शाबूत, दार उघडे

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्यातील बरीच रक्कम बनावट कार्डे वापरून अनेक देशांतील एटीएममधून काढली गेली. हल्लेखोरांनी वर सांगितलेले गणित सोडवले नव्हते. व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी त्यांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली होती. बहुतेक चोऱ्यांत असेच घडते. कुलूप शाबूत राहते आणि चोर दारातून येतो. फोनवर "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला ओटीपी सांगणे म्हणजे हे दार आपल्याच हाताने उघडणे होय.

त्या अनुभवानंतर आम्ही कार्यालयात काही बदल केले. प्रत्येक मुलाचा पासवर्ड वेगळा, आणि तो मुलाच्या व पालकाच्याच हाती. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून तो बनवायला मुलांना शिकवतो. पालकसभेत ओटीपी म्हणजे काय हे दरवर्षी सांगतो. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे, हे फलकावर लिहिले आहे. शाळेच्या जुन्या रजिस्टरांच्या छायाप्रती काढून दोन ठिकाणी ठेवल्या आहेत, कारण वाळवीला पासवर्ड लागत नाही. आणि त्या मुलीच्या आईची आम्ही माफी मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या पोरीला ते शिकवा, म्हंजी दुसऱ्याचं जायचं न्हाई."

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आपल्या परिसरात उभे आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्यांना तेथे हा विषय भेटतो. इतरांसाठी एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत. पाया म्हणून भागाकार, बाकी, मूळ संख्या आणि संभाव्यता एवढे गणित पक्के हवे. ते आठवी ते दहावीत तयार होते. आपल्यापैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून दोन दिवस वसतिगृहात येऊन मुलांना शिकवावे.

शेवटी मुलांसाठी स्वाध्याय. पहिला, ३३ आणि ३ हीच जाहीर किल्ली घेऊन ५ हा आकडा गुप्त करा आणि ७ ने उलगडून पाहा. दुसरा, आपल्या घरातील कोणते कागद कोणत्या चार प्रश्नांत अडकू शकतात, याची आईवडिलांबरोबर बसून यादी करा. तिसरा, वर सांगितलेल्या एक घर पुढच्या वर्णमालेत लिहिलेला हा निरोप वाचा आणि घरी सर्वांना सांगा : हाशन लळा.